जवसाच्या तेलातला शेंदूर

ती दुपार विसरता यावी म्हणून मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. नोकरी सोडून तीन वर्षे झाली, पन्नाशी ओलांडली, पण शेंदूर लावलेला मारुती दिसला की माझा उजवा हात आपोआप खिशाकडे जातो, रुमालाकडे. चोर, दरोडेखोर, खोटे साक्षीदार, अफूवाले यांच्या हकिकती माझ्यापाशी पुष्कळ आहेत आणि त्या सांगताना माझी मान ताठ असते. ही हकिकत तशी नाही. हिच्यात गुन्हेगार शोधायला मी निघालो, तेव्हा पहिली सही माझीच सापडली.

लढाई सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. मी खानदेशात एका तालुक्याच्या ठाण्यावर फौजदार होतो. धुळ्याहून पारोळ्याकडे येताना डाव्या हाताला काळ्या दगडाची टेकडी लागे. तिच्या पोटात एक मोठी खदान होती. रस्त्याला आणि रेल्वेला खडी तिथूनच जात असे. वर्षानुवर्षे खोदून ती इतकी खोल गेली होती की काठावर उभे राहिले म्हणजे खालची माणसे पोराएवढी दिसत. अशा खोल खदानी खाणींच्या कायद्याखाली येतात, एवढे मला माहीत होते. त्या कायद्याचे पातळ पुस्तक ठाण्याच्या कपाटात होते. ते मी उघडले नव्हते.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी दहाच्या सुमारास ठेकेदाराचा माणूस सायकलवर खबर घेऊन आला. सुरुंग ठासताना उडाला, एक मजूर जागीच गेला. मी दैनंदिनीत नोंद केली, हवालदाराला बरोबर घेतले आणि टांगा जोडायला सांगितला. हवालदार जामनेरकडचा, नोकरीची शेवटची वर्षे मोजणारा. सगळे ठाणे त्याला नाना म्हणे, मीही म्हणे.

आम्ही पोचलो तेव्हा प्रेत बाजूला काढून ताडपत्रीखाली ठेवले होते. सुरुंगाची जागा झाडून साफ केलेली होती. हे मला खटकायला हवे होते. उलट मला बरे वाटले, की चला, पाय ठेवायला जागा आहे. ठेकेदार स्वतः हजर होता. तालुक्यातला वजनदार माणूस. पोलीस लाइनच्या भिंतींचा दगडही त्याच्याच खदानीतून आलेला. खुर्ची, मेज, चहा, सगळे झाडाखाली मांडून ठेवले होते.

"गरीब माणसं आहेत, फौजदारसाहेब, पण हट्टी," तो म्हणाला. "कायद्यात लोखंडानं दारू ठासायची मनाई आहे. मी तांब्याचा गज आणून दिलाय. तो कोठीत पडून राहतो आणि हे लोखंडी पहारीनंच ठासतात. काय करावं माणसानं?"

मनाई का, हे इथे सांगितले पाहिजे. दगडात भोक पाडून त्यात सुरुंगाची दारू भरतात आणि वरून ती गजाने ठासतात. लोखंड दगडाला घासले की ठिणगी पडते. तांब्याची पडत नाही, लाकडाची पडत नाही. एवढी साधी गोष्ट आहे.

त्याच्या कारकुनाने कोठीतून तो गज आणून मेजावर ठेवला. साधारण माझ्याच वयाचा, केसांना चोपून तेल लावलेला, नम्र माणूस. शेजारी त्याने वाकडी झालेली लोखंडी पहार ठेवली, जिने माणूस गेला ती. दोन्हींना पूजेचा शेंदूर लावलेला होता. खानदेशात खंडेनवमीला हत्यारे पुजतात, खदानीतले लोक आपल्या पहारी, घण, छिन्न्या पुजतात. तेव्हा शेंदूर असणे म्हणजे तो गज दसऱ्याला तिथे होता याचीच खूण. कारकुनाने तसे बोलूनही दाखवले.

मी गज उचलला. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना लाल रंग लागला.

मी बोटे पाहिली. कारकुनाने माझी बोटे पाहिली. मग मी खिशातून रुमाल काढला, बोटे पुसली आणि लेखणी उचलली.

एवढेच. मला कोणी धमकावले नव्हते, कोणी काही देऊ केले नव्हते. लाच घेतली असती तर निदान तिला नाव तरी देता आले असते. ऊन होते, चहा झाला होता, आणि मजूर बेफिकीर असतात हे माझ्या मनाने आधीच ठरवले होते. दसऱ्याचा शेंदूर दिवाळीनंतर ओला कसा, हा प्रश्न मनात उठला नाही असे मी म्हणणार नाही. उठला. मी त्याला बसवला.

आता जबाब घ्यायचा होता तो मिस्त्रीचा. सुरुंगाचे काम सांभाळणारा तो म्हातारा, त्याला सगळे आबा म्हणत. मेलेला मजूर त्याचा जावई. अपघात झाला तेव्हा म्हातारा दहा हातांवर होता. अंगावर धूळ, कपाळावर वाळलेले रक्त, आणि एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा ओरडत होता.

"जवाईले पानी पाजा रे! कोन्ही पानी पाजा!"

"हळू बोल," मी म्हणालो. तो तितक्याच मोठ्याने ओरडला. मला तो उद्धटपणा वाटला.

मी विचारले, "तांब्याचा गज दिलेला होता?" त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली.

"तरी लोखंडी पहारीने ठासू दिलेस?" मान हलवली.

"चूक कबूल आहे?" मान हलवली.

मी लिहिले. दोन पंचांच्या सह्या घेतल्या, दोघेही ठेकेदाराचे नोकर. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा मिस्त्रीवर दाखल झाला. गुन्हा जामिनाचा होता, पण जामीन राहायला कोणी पुढे येईना. जो राहील त्याचे खदानीतले काम दुसऱ्या दिवशी जाणार हे सर्वांना ठाऊक होते. म्हाताऱ्याला आम्ही कोठडीत घातले.

संध्याकाळी घरी आलो. पत्नीने कपडे धुवायला घेतले आणि आतून विचारले, "हा रुमाल कसला लाल केलात? डाग जात नाहीये."

"राहू दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीची मुलगी ठाण्यावर आली. फडक्यात भाकरी बांधलेली. वय पंचविशीच्या आत. काल नवरा गेला, आज बाप कोठडीत. मला वाटले रडेल, पाया पडेल. अशा बायकांना काय बोलून घालवायचे ते आम्हा सर्वांना पाठ असते.

"बाई, इथं रडायचं नाही," नाना दारातच म्हणाला.

"मी रडी ऱ्हायनी का, भाऊ? नीट दखा." तिने भाकरी त्याच्या हातात दिली आणि सरळ माझ्या मेजापुढे येऊन उभी राहिली. "साहेब, मन्हा बा बहिरा व्हई जायेल शे."

"कधीपासून?"

"सुरुंग उडना तव्हंपाईन. तुम्ही त्याले इचारं, त्यानी मान हालावी. मी त्याले आज सकाळे मांगनी खिडकीना गजाआडथीन इचारं, 'आबा, मी तुन्ही कोन शे?' तरी बी त्यानी मान हालावी."

म्हणजे तिने विचारले होते, मी तुझी कोण. आणि त्याने उत्तर म्हणून मान हलवली होती.

मी म्हणालो, "कोठडीत गेल्यावर पुष्कळांना ऐकू येईनासं होतं."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुम्हले बी तसंच व्हयेल शे का?" ती म्हणाली आणि निघून गेली.

एखाद्या फौजदाराशी असे बोलण्याची हिंमत त्या काळी गावच्या पाटलाचीही नव्हती. मी संतापलो. नाना मात्र आत गेला. त्याने पितळी थाळी उचलली आणि म्हाताऱ्याची पाठ होती तेव्हा ती कोठडीच्या दारात फरशीवर आपटली. ठाण्यातले सगळे दचकले. बाहेर झाडाखाली बांधलेले घोडे दचकले. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता तसाच बसून राहिला.

नाना बाहेर आला आणि थाळी पुसत म्हणाला, "साहेब, सोंग आणणारा माणूस निदान खांदे तरी आवळतो."

तरीही मी काही केले नाही. सांगायला लाज वाटते, पण हे न सांगता पुढचे सांगण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्याला मी धुळ्याला सिव्हिल सर्जनकडे पाठवले. दोन्ही कानांचे पडदे फाटले आहेत असा दाखला आला. तो मी कागदांत लावून ठेवला आणि मनाला म्हटले, पोलिसासमोरची कबुली तशीही कोर्टात चालत नाही, तेव्हा बिघडले कुठे? बिघडले होते ते पंचनाम्यात. पंचनामा चालणार होता. त्यात तांब्याचा गज होता, शेंदूर होता, पंच होते आणि खाली माझी सही होती.

आठव्या दिवशी सरकारी खाण निरीक्षक आला. दुरून, आगगाडीने, धुळीने माखलेला, मितभाषी माणूस. खदानीवर गेला आणि पहिलाच प्रश्न त्याने मला विचारला.

"जागा कोणी हलवली?"

"मी येण्याआधीच साफ केली होती."

"आणि तुम्ही तसं लिहिलंत का?"

मी लिहिले नव्हते.

"माणूस मेला की पाहणी होईपर्यंत जागा जशीच्या तशी ठेवायची, असा नियम आहे," तो म्हणाला. "आणि दुसरं. गज कोठीत असून भागत नाही. तो वापरला जातो की नाही हे पाहणारा माणूस मालकानं नेमावा लागतो. मिस्त्रीला पकडलंत. तो माणूस कुठे आहे?"

ठाण्यावर परतलो आणि कपाटातले ते पातळ पुस्तक काढले. दुपारभर वाचले. कुंपण कसे असावे, कडा किती तिरपी कापावी, सुरुंगाआधी माणसे किती लांब न्यावीत, दारू कशाने ठासावी. कोरडी, क्रमांक घातलेली वाक्ये. वाचता वाचता माझ्या लक्षात आले की यातले एकही वाक्य कुणी खोलीत बसून कल्पनेने लिहिलेले नाही. आधी कुठेतरी कडा कोसळली असेल, कुठेतरी ठिणगी पडली असेल, कुणाची तरी मुलगी ठाण्यावर उभी राहिली असेल, मग ते वाक्य लिहिले गेले असेल. आणि ते ज्यांच्या हाती सोपवले त्यांनी ते कपाटात ठेवले.

मिस्त्रीची मुलगी रोज भाकरी घेऊन येतच होती. त्या दिवशी मी तिला बोलावले. बसायला सांगितले. ती उभीच राहिली.

"खदानीत तांब्याचा गज होता का?"

"आमनी खदानमा तांबं कव्हंच उनं नही. आबानी बाभूळनी काठी तासेल व्हती. तिनीच ठासे. ती आदला दिन चिरनी. नवी तासू द्या म्हने, तर कारकून म्हने, आज सुरुंग उडालाच पाहिजे, पहार ले."

"पण त्या गजाला शेंदूर होता. मी स्वतः पाहिला."

तिच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हलले. आश्चर्य असावे, किंवा शिकार दिसल्यावर येते तसे काही.

"दसराले बठ्ठा हत्यारले, येकूनयेक हत्यारले, शेंदूर मी लावस," ती सावकाश म्हणाली. "माय गई तव्हंपाईन मीच. तो शेंदूर तुम्ही हात लाई दखा का?"

माझी नजर उजव्या हाताच्या बोटांकडे गेली.

"मी शेंदूर जवसना तेलमा कालवस, साहेब. खोबरेलमा नही, गोडा तेलमा नही. जवसना शेंदूर चार दिनमा दगड व्हई जास. वरीसभर निंघस नही. पहारवर बी तोच शे. नखनी खरवडी दखा. मंग तुम्हना तांबाले हात लावा."

तिच्या बापाच्या सुटकेची सारी वाट त्या दोन शेंदरांमधून जात होती, आणि तिला ते माझ्याआधी कळले होते.

ती गेल्यावर मी नानाला मुद्देमालाची खोली उघडायला सांगितली. लाखेचे शिक्के पंचांसमोर तोडले. या वेळी पंच मी बाजारातून आणले, एक शिंपी आणि एक मास्तर. आधी पहार. तिच्या मुठीवरचा शेंदूर मी नखाने खरवडला, मग चाकूच्या टोकाने. सुरुंगाच्या धक्क्याने लोखंड वाकले होते, पण रंग लाखेसारखा घट्ट चिकटून होता. मग गज. तो ज्या फडक्यात बांधला होता त्यावर तेलाचे लाल वर्तुळ पसरले होते. मी बोट टेकवले. आठ दिवसांनंतरही बोट लाल झाले.

नाना वाकून हुंगू लागला.

"काय झालं, नाना?"

"मोगरा, साहेब." तो सरळ झाला. "हत्यारांच्या देवाला मोगऱ्याचं तेल कोण वाहतो? हा वास मला ठाऊक आहे. त्या दिवशी कारकून माझ्या शेजारी बसला होता, माझं डोकं दुखत होतं."

मास्तर हसला. मला हसू आले नाही. माझे लक्ष माझ्या बोटाकडे होते.

कारकुनाला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले. मी त्याच्यावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. इतक्या वर्षांत मी एक पाहिले आहे. ज्याला आपले खोटे आवडते त्याच्याशी झटावे लागते. ज्याला ते पेलत नाही त्याच्यापुढे नुसते बसून राहिले तरी पुरते. मी मेजावर पहार ठेवली, शेजारी गज ठेवला आणि एक ओले फडके ठेवले.

"दोन्हींवरचा शेंदूर पुसा," मी म्हणालो.

त्याने पहार पुसली. काही निघाले नाही. त्याने गजाकडे हात नेला आणि मधेच थांबवला.

"शेठनी सांगितलं," तो म्हणाला. "गज धुळ्याच्या पेढीवर भिंतीला टांगलेला होता, साहेब. दारूचा परवाना घेताना दाखवायला आणलेला. अपघात झाला तशी मोटार पाठवून आणवला. शेठ म्हणाले, बाकीच्या हत्यारांसारखा दिसला पाहिजे. कोठीच्या कोनाड्यात पूजेचा उरलेला कोरडा शेंदूर होता. तेल कुठून आणू? माझ्या पिशवीत बाटली होती."

"डोक्याच्या तेलाची."

"घाई होती, साहेब. तुम्ही टांग्यात बसलात अशी खबर आली होती." मग तो खाली पाहत म्हणाला, "तुमच्या बोटाला रंग लागला तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता साहेब विचारतील. तुम्ही रुमाल काढलात."

तेवीस वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळ शिव्या मिळाल्या. त्या वाक्याइतकी कोणतीही लागली नाही.

पण हा जबाब कोर्टात टिकणार नव्हता. संध्याकाळपर्यंत ठेकेदाराने कारकुनाला आपल्या बंगल्यावर नेऊन ठेवले. पोलिसांनी मारहाण करून लिहून घेतले असे तो म्हणणार, हे उघड होते. आणि ओल्या शेंदराचे काय? तो मुद्देमालाच्या खोलीत कुणी लावला नाही कशावरून? पहिल्याच दिवशी, पहिल्याच हाताळणीत शेंदूर ओला होता हे सांगणारा जगात एकच माणूस होता.

मी सुपरिंटेंडंट साहेबांना अहवाल पाठवला, मिस्त्रीवरचा खटला काढून घ्यावा म्हणून. त्यांनी मला धुळ्याला बोलावून घेतले.

"स्वतःचा पंचनामा स्वतःच खोटा म्हणता?"

"होय, साहेब."

"शेवटी मिस्त्री सुटेलही. तुम्ही राहणार नाही. समजतंय ना? एका पाथरवटासाठी?"

"पाथरवटासाठी नाही, साहेब. सही माझी आहे."

त्यांनी अहवाल परत केला आणि खटला चालवायचा हुकूम दिला. बाहेर पडलो तर वऱ्हांड्यात ठेकेदार बसला होता. उठून नमस्कार केला. "फौजदारसाहेब, पोरीला मी जन्मभराचं काम देतो म्हणालो. नको म्हणते. तुम्ही तरी समजवा."

"ती मला समजावून गेली आहे," मी म्हणालो आणि पायऱ्या उतरलो.

त्या दिवशी घरी येऊन पत्नीला सगळे सांगितले. तिने हातातले काम बाजूला ठेवले. मग उठली, कपड्यांच्या पेटीच्या तळाशी हात घातला आणि तो रुमाल माझ्यापुढे टाकला. दुसऱ्या कपड्यांना रंग लागेल म्हणून तिने तो वेगळा ठेवला होता. तीन बोटांचे तीन लाल पट्टे, भोवती तेलाची पिवळी कड. "मी विचारलं तेव्हाच सांगितलं असतंत, तर बरं झालं असतं," एवढेच ती म्हणाली.

खटला धुळ्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला. कारकून अपेक्षेप्रमाणे उलटला. मग मला पुकारले. आरोपीच्या जागी म्हातारा उभा होता, ओठांच्या हालचाली पाहत. मागे भिंतीला टेकून त्याची मुलगी. खाण निरीक्षकही पुन्हा एवढ्या लांबून येऊन बसला होता. सरकारी वकिलाने पंचनामा माझ्या हाती दिला.

"ही सही तुमची?"

"सही माझी आहे. मजकूर खोटा आहे."

वकिलाला वाटले आपण चुकीचे ऐकले. मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवली आणि मला शपथेची आठवण करून दिली. मी म्हणालो, आठवण आहे म्हणूनच सांगतो आहे. मग सगळे सांगितले. झाडलेली जागा, खुर्ची, चहा, बोटे. रुमाल काढून मेजावर ठेवला. मॅजिस्ट्रेटांनी गज मागवला, पहार मागवली, आणि आपल्या हाताने दोन्हींवरचा शेंदूर तपासला. त्यानंतर स्वतःची बोटे कशाला पुसावीत हे त्यांना कळेना. शिपायाने पाणी आणले.

ठेकेदाराच्या बाजूने बसलेला वकील उठून म्हणाला, "हा अधिकारी आज खोटं बोलतो आहे किंवा त्या दिवशी बोलला होता. कोणत्याही बाजूनं खोटाच."

"त्या दिवशी," मी म्हणालो. "पुन्हा विचारा, पुन्हा तेच सांगेन."

मिस्त्री सुटला. ठेकेदारावर खाणीच्या कायद्याखाली वेगळा खटला झाला. तो दंड भरून बाहेर पडला आणि दुसऱ्या आठवड्यात एका सभेत पहिल्या रांगेत बसलेला मी पाहिला. पण कागदावर का होईना, दोष कुणाचा ते लिहिले गेले, आणि ते पुसता आले नाही. मजुरांनी तांब्याचे गज येईपर्यंत खदानीत पाय ठेवला नाही. बायका टोपल्या उपड्या करून काठावर बसून राहिल्या. कारकून सांगायला आला तर म्हणाल्या, "तुम्हना मोगरा लाईसन तुम्हीच ठासा!" गज आले.

माझी चौकशी झाली, पगारवाढ थांबली, बदली सातपुड्याच्या पायथ्याशी झाली, आणि पुढे बढतीच्या यादीत माझे नाव कधी आले नाही. मुदतीआधी निवृत्त झालो. लोक विचारतात, पस्तावलात का? पस्तावलो. रुमाल कोर्टात काढल्याबद्दल नाही, झाडाखाली काढल्याबद्दल.

या प्रकरणाने मला काय शिकवले म्हणाल, तर हे. मजूर बेफिकीर असतात हे वाक्य ज्या पंचनाम्यात येते, तो पंचनामा मी पुन्हा वाचतो. जीव वाचवणारी बहुतेक वाक्ये कायद्यात आधीच लिहिलेली असतात. ती मारायला कुणा दुष्ट माणसाची गरज लागत नाही, चहा पिऊन सही करणारा एक बरा माणूस पुरतो. आता नवे राज्य येणार म्हणतात, नवे कायदे होतील. जरूर व्हावेत. पण त्यांची पुस्तके ज्या कपाटात जातील, त्या कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे हे खदानीतल्या माणसांनी विचारत राहावे. अधिकाऱ्याला राग आला तर येऊ द्यावा. मलाही आला होता.

निवृत्तीनंतर एकदा मी मुद्दाम त्या टेकडीवर गेलो. खंडेनवमीचा दिवस होता. कोठीपुढे हत्यारे मांडली होती. मिस्त्रीची मुलगी वाटीत शेंदूर कालवत होती. पहारी झाल्या, घण झाले, मग तिने तांब्याचे गज एकेक करून पुढे ओढले आणि त्यांनाही लावला. मला तिने ओळखले. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

म्हातारा बाजूला दगडावर बसला होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो, हात जोडले आणि जे इतकी वर्षे सांगायचे होते ते सांगितले. आबा, माझी चूक झाली. तुमच्या मुलीच्या दुःखावर मी खोट्या कागदाची सही केली. मला माफ करा.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला, आणि मान हलवली.

मी ती माफी धरली. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. शेंदराची बोटे तशीच, वाटी कमरेवर.

"साहेब, तो बठ्ठासले मान हालावस," ती म्हणाली. "हाई बी लिखी लेतस का?"